मॅक, विंडोज, लिनक्स : कोण कशात दगा देतो?

नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की एक वाद हमखास रंगतो. मॅकवाले सांगतात, आमचं मशीन कधी हँग होत नाही. विंडोजवाले म्हणतात, तुमच्या एका मशीनच्या किमतीत आमची दोन येतात, शिवाय हवं ते सॉफ्टवेअर त्यावर चालतं. लिनक्सवाला या दोघांच्या भांडणात पडतच नाही. त्याचा सर्व्हर महिनोन् महिने रीस्टार्ट न करता चालू असतो, तेवढं तो ऐकवतो. तिघंही खोटं बोलत नाहीत, तरी पैसे मोजणाऱ्याच्या हाती या वादातून फारसं काही लागत नाही. सगळे ज्या प्रश्नावर भांडतात तो प्रश्नच जुना झालाय. कोणतं मशीन जास्त वेळा बंद पडतं, यावर आज निवड ठरवता येत नाही. प्रत्येक मशीन कधी ना कधी दगा देणारच. तो कोणत्या बाजूने येणार आणि आपल्या कामाला तो परवडणार का, हे पाहायला हवं. या बाबतीत तिन्ही मशीन एकमेकांहून फार वेगळी आहेत.

बंद पडण्याचा प्रश्न जुना का झाला, हे थोडं मागे गेल्याशिवाय कळत नाही. विंडोज ९५ आणि ९८ यांचा पाया जुन्या डॉसमध्ये होता. एखादा प्रोग्रॅम बिघडला की तो अख्ख्या मशीनला घेऊन बसायचा. एप्रिल १९९८मध्ये शिकागोच्या एका प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना, सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि विंडोज ९८ने सगळ्यांदेखत निळा पडदा दाखवला. पण त्या काळचा मॅकही काही वेगळा नव्हता. मॅक ओएस ९पर्यंत प्रोग्रॅम एकमेकांच्या मेमरीत पाय टाकू शकत होते, आणि एकाने जागा अडवली की बाकीचे ताटकळत बसायचे. चित्र पालटलं ते २००१ साली. मार्चमध्ये ॲपलने युनिक्सच्या पायावर उभी असलेली मॅक ओएस एक्स आणली आणि ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने एनटीचा भक्कम पाया असलेली विंडोज एक्सपी घरोघरी पोचवली. १९९१पासून वाढत गेलेलं लिनक्स युनिक्सच्याच वळणाचं होतं. तेव्हापासून तिन्हींमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला त्याची स्वतंत्र मेमरी मिळते. तो कोसळला तरी मशीन सहसा उभं राहतं. विंडोजच्या नावाने आजही जी बोटं मोडली जातात आणि मॅकचे जे गोडवे गायले जातात, त्यांतला बराच भाग या दोन-अडीच दशकांपूर्वीच्या आठवणींवर पोसलेला आहे.

मग आजही मशीन कोसळतात ती कशामुळे? याचं एक बोलकं उत्तर अमेरिकेतल्या एका खटल्यातून बाहेर आलं. विंडोज व्हिस्टा २००७मध्ये बाजारात आली तेव्हा ती सारखी कोसळते अशी ओरड झाली. पुढे कोर्टात मायक्रोसॉफ्टचे अंतर्गत ईमेल उघड झाले. त्यांतल्या नोंदींनुसार कोसळण्याच्या प्रकारांपैकी जवळपास २९ टक्के एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे होते. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडचा वाटा सुमारे १८ टक्के होता. दोष बाहेरच्याचा असला तरी शिव्या विंडोजला बसल्या. विंडोजची रचनाच अशी आहे की मदरबोर्ड एका कंपनीचा, ग्राफिक्स कार्ड दुसरीचं, वायफायची चिप तिसरीची, आणि या सगळ्यांचे ड्रायव्हर सिस्टिमच्या अगदी गाभ्याजवळ चालतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन असेंबल करून घेतलेला पीसी चालतो, तो या मोकळिकीमुळेच. पण या मोकळिकीची किंमतही असते. ॲपल मशीन आणि सिस्टिम दोन्ही स्वतः बनवतं, त्यामुळे त्याला मोजक्याच मॉडेलवर सिस्टिम तपासून घ्यावी लागते.

इथे मॅकवाले आकडे पुढे करतात. सगळ्यांत गाजलेला आकडा आयबीएमचा. २०१५मध्ये त्यांच्या अधिकाऱ्याने सांगितलं, की कंपनीतल्या मॅक वापरणाऱ्यांपैकी फक्त ५ टक्के लोकांना हेल्पडेस्कला फोन करावा लागतो, पीसी वापरणाऱ्यांपैकी मात्र ४० टक्के लोकांना. तफावत मोठी आहे, ती झटकून टाकता येणार नाही. पण ती कुठून आली, हेही पाहायला हवं. मॅक घेणाऱ्यांनी तो आपणहून मागून घेतला होता, मशीन नवी होती, आणि ज्या परिषदेत हा आकडा मांडला गेला ती भरवणारी कंपनी मॅक सांभाळण्याचंच सॉफ्टवेअर विकते. हौसेने नवं मशीन घेणारा आणि ऑफिसने दिलेल्या जुन्या मशीनवर काम रेटणारा यांची तुलना करायची, तर यंत्राबरोबर माणूस आणि मशीनचं वयही हिशेबात धरावं लागतं. किमतीचंही तेच. पस्तीस हजारांचा लॅपटॉप आणि लाखाचा मॅकबुक शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष विंडोज आणि मॅकबद्दल कमी आणि पस्तीस हजार आणि लाखाबद्दल जास्त सांगतो. महागड्या मशीनचंही चुकतंच. २०१५पासून मॅकबुकमध्ये बसवलेला पातळ ‘बटरफ्लाय’ कीबोर्ड धुळीच्या कणानेही अडायचा. २०१८मध्ये ॲपलला तो मोफत दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली.

विंडोजचा दगा कोणत्या बाजूने येतो, हे १९ जुलै २०२४च्या सकाळी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्यांच्या मशीनवर अगदी कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसलेलं असतं. इमारतीच्या रखवालदाराकडे प्रत्येक फ्लॅटची किल्ली असावी तसं. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी कंपनीने या सॉफ्टवेअरला एक छोटी माहितीची फाइल पाठवली. ती वाचणाऱ्या कोडने २० नोंदी गृहीत धरल्या होत्या, आणि तपासायला सांगितली होती एकविसावी. कोड नसलेल्या जागी वाचायला गेला आणि गाभ्यातच चूक झाल्यामुळे अख्खी विंडोज कोसळली. ७८ मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर अडकली होती. आपल्याकडे विमानतळांवर इंडिगोला हाताने बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. खरी गोम पुढे होती. अडकलेलं मशीन सुरूच होत नसल्याने त्याला दुरुस्त फाइल पाठवता येत नव्हती. कुणीतरी एकेका मशीनपुढे बसून, ते सेफ मोडमध्ये चालू करून, ती एक फाइल पुसायची. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर आधी तिची लांबलचक रिकव्हरी की शोधून टाइप करायची.

त्या दिवशी मॅक आणि लिनक्स सुखरूप राहिले, यावरून त्यांचे पुरस्कर्ते सरसावले. लिनक्सवाल्यांनी जरा दमाने घ्यावं. सदोष फाइल फक्त विंडोजसाठी होती म्हणून ते वाचले. त्याच वर्षी जूनमध्ये याच सॉफ्टवेअरमुळे आपल्या लिनक्सचा कर्नल कोसळत असल्याची नोंद रेड हॅट या लिनक्स कंपनीने केली होती. मॅकचं मात्र तसं नाही. २०१९च्या कॅटालिना आवृत्तीपासून ॲपलने बाहेरच्या कंपन्यांना गाभ्यातून बाहेर काढायला सुरुवात केली होती. मायक्रोसॉफ्टने आपली बाजू मांडताना २००९मध्ये युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्याकडे बोट दाखवलं. आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरला मिळतो तसा प्रवेश इतरांनाही देणं त्यामुळे आपल्याला भाग आहे, असं त्यांचं म्हणणं. नोव्हेंबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा सॉफ्टवेअर गाभ्याबाहेर चालवण्याच्या दिशेने पावलं टाकत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे या एका मुद्द्यावर ॲपलचं बरोबर होतं, आणि ते मान्य करायला हवं.

पण बाहेरच्याला दाराशी अडवणारं ॲपल आतल्यालाही सहज घराबाहेर काढतं. त्याच कॅटालिनाने ३२ बिटची सगळी सॉफ्टवेअरं एका रात्रीत बंद पाडली. पॉवरपीसी प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्रॅम २०११मध्ये, लायन आवृत्ती आली तेव्हाच संपले होते. त्याच वर्षी ॲपलने व्हिडिओ एडिटिंगचं फायनल कट प्रो नव्याने लिहून काढलं, आणि जुन्या फायनल कटमधले प्रोजेक्ट नव्यात उघडेनात. वर्षानुवर्षं त्यावर घर चालवणारे एडिटर हवालदिल झाले. कित्येकांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरची वाट धरली. काहींनी वेगळा मार्ग काढला. २०१९मध्ये आलेल्या आणि पुढे ऑस्कर मिळवलेल्या ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाचं संकलन फायनल कट प्रो ७वर, म्हणजे २०११मध्येच ॲपलने टाकून दिलेल्या आवृत्तीवर झालं. जुनं सॉफ्टवेअर चालवायचं तर जुनी सिस्टिमही जपावी लागते, ‘अपडेट करा’ या सूचनेकडे सतत काणाडोळा करावा लागतो. हॉलिवूडला मागे टाकणारा चित्रपट टाकाऊ ठरवलेल्या सॉफ्टवेअरवर तयार होतो, यातून कलावंताची गरज नेमकी दिसते. त्याला नवनवी सोय नको असते. काल जिथे हात थांबला तिथूनच आज काम पुढे नेता यावं, एवढंच हवं असतं. मॅकचा दगा इथे येतो. मशीन ठणठणीत असतं, पण त्यावरचं जुनं काम उघडत नाही.

विंडोजची खरी ताकद नेमकी याच जागी आहे. मराठी प्रकाशन व्यवसाय त्याचा साक्षीदार आहे. डीटीपीची क्रांती ज्या पेजमेकर सॉफ्टवेअरने घडवली, तो १९८५मध्ये मॅकसाठी जन्मला. त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. मॅकवर ती जुन्या ओएस ९च्या आधारावर तगून होती. ॲपलने इंटेलची चिप घेतली आणि तो आधारच गेला. विंडोजवर मात्र त्याचं आयुष्य कितीतरी लांबलं. श्रीलिपी किंवा आकृतीच्या फॉण्टमध्ये जुळवलेली पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका पेजमेकरमध्ये बसवणारे डीटीपी ऑपरेटर पेजमेकरच्या कंपनीने हात वर केल्यावरही तेच काम तसंच करत राहिले. जुन्याला सांभाळून घेण्याचा हा स्वभाव विंडोजला जड करतो, अस्ताव्यस्तही करतो, पण छोट्या व्यावसायिकाचं पोट त्यावर चालतं. अर्थात हा सांभाळही निरंतर नाही. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ टीपीएम २.० चिप आणि ठरावीक प्रोसेसर नसतील तर मशीन स्वीकारत नाही. म्हणजे धडधाकट मशीनही अधिकृतरीत्या निकामी. शिवाय अपडेटच घात करतो, असंही घडलंय. ऑक्टोबर २०१८चा विंडोज १०चा मोठा अपडेट मायक्रोसॉफ्टला चारच दिवसांत थांबवावा लागला, कारण काही जणांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फाइली त्याने पुसून टाकल्या होत्या.

लिनक्समध्ये अपडेट कधी करायचा, कोणता भाग ठेवायचा, कोणता काढायचा, हे सगळं आपल्या हातात असतं. म्हणूनच नोव्हेंबर २०१७पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक एकजात लिनक्सवर चालतात, आणि हॉलिवूडचे ॲनिमेशन स्टुडिओ ते वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. पण ‘सगळं आपल्या हातात’ याचा अर्थ सगळं आपल्या गळ्यात, असाही होतो. फोटोशॉप आणि इनडिझाइन लिनक्ससाठी निघतच नाहीत. प्रिंटर रुसला तर समजूत काढणारा आपल्यातलाच हवा. केरळच्या शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर टिकलं, कारण तिथे सरकारी यंत्रणेने स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवली, शिक्षकांना शिकवलं आणि अडलं-नडलं पाहणारी माणसं नेमली. उलट जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो मशीन बदलली, आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतायचं ठरवलं. लिनक्स तांत्रिकदृष्ट्या केरळात चांगलं आणि म्युनिकमध्ये वाईट होतं, असं नाही. ज्या संस्थेची इच्छाशक्ती आणि माणसं टिकतात, तिथेच लिनक्सही टिकतं.

यावर कुणी म्हणेल, आता सगळं क्लाउडवर असतं. ब्राउझर उघडला की काम झालं, मग खाली मॅक आहे की विंडोज, याला काय अर्थ? या आक्षेपात तथ्य आहे. पत्रव्यवहार, हिशेब, सादरीकरण यांच्यापुरता तरी मशीनचा फरक खरोखरच पुसट झालाय. पण दगा त्यामुळे टळत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो. जुलै २०२५मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेल कंपनीला त्याचा अनुभव आला. रशियन भागीदारीमुळे युरोपीय संघाने कंपनीवर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले, लायसन्स वैध, मशीन चालू. तरी कर्मचाऱ्यांना ईमेल उघडेना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. तुमच्या-आमच्यावर कुणी निर्बंध घालणार नाही, पण पासवर्ड विसरणं, खातं गोठणं, वर्गणी थकणं हे त्याच जातीचं संकट आहे. आपलं काम परक्याच्या कुलपात असेल तर किल्ली फिरेल की नाही, हे तो परकाच ठरवणार.

दुसरा आक्षेप संस्थांकडून येतो : एकच प्लॅटफॉर्म ठरवा, सगळीकडे तोच ठेवा, म्हणजे सांभाळायला सोपं. सोपं आहे खरं. जून २०१७मध्ये ‘नॉटपेट्या’ नावाच्या विध्वंसक कोडने मर्स्क या जहाज कंपनीला गाठलं, तेव्हा या सोपेपणाची किंमत न्हाव्याशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनललाही मोजावी लागली. जगभरची विंडोज मशीन एकाच साच्यातली आणि एकमेकांना जोडलेली; एक पडलं तसं सगळीकडे पडत गेलं. नेटवर्कच्या मुख्य सर्व्हरच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या, पण त्या सतत एकमेकींशी जुळवून घेत होत्या, त्यामुळे सगळ्या एकदमच गेल्या. वाचली ती घानामधली एक प्रत, कारण नेमकी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता. पुढच्या दहा दिवसांत कंपनीने ४५,००० पीसी आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे केले. घरच्या वापरणाऱ्यालाही यातून शिकण्यासारखं आहे. वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर फाइल सिंक होते म्हणजे बॅकअप झाला, असं अनेकांना वाटतं. सिंकमध्ये इथे पुसलेली फाइल तिथेही पुसली जाते. बॅकअप तोच, जो बहुतांश वेळ मशीनपासून आणि इंटरनेटपासून तोडलेला असतो.

आणि बॅकअप घेतला तरी तो उघडायला हवा. मराठीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या फॉण्टमध्ये देवनागरीची अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती. तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की अख्खी कादंबरी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन समोर येते. त्या काळी दुसरा व्यवहार्य मार्ग नव्हता, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा नाही. पण देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१पासून जागा आहे आणि विंडोज २०००पासून ती सामान्य मशीनवर वापरता येते. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर मॅकवर, विंडोजवर, लिनक्सवर, फोनवर एकसारखाच वाचता येतो. ब्लेंडर या मुक्त ॲनिमेशन सॉफ्टवेअरचंही तेच. एकच फाइल तिन्हीकडे उघडते, जुनी आवृत्ती हवी तर केव्हाही उतरवून घेता येते, आणि ‘फ्लो’ हा ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियन चित्रपट त्यावर पूर्ण होऊ शकतो. काम मोकळ्या स्वरूपात ठेवलं की प्लॅटफॉर्मचा दगा जीवघेणा राहत नाही. मशीन बदलायचं, काम तसंच पुढे चालू.

तेव्हा निवड करायचीच तर आपल्याला कोणता दगा सोसेल, यावरून करावी. व्हिडिओ, संगीत, छायाचित्रण यांत नव्याने उतरणारा, दुरुस्तीत वेळ घालवू न शकणारा आणि चार-पाच वर्षांनी जुनी साधनं सोडून द्यायची तयारी असणारा माणूस मॅकवर सुखी राहील. दहा-पंधरा वर्षांचं काम, जुनी सॉफ्टवेअरं, ठरावीक प्रिंटर आणि टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमधला हिशेब ज्याच्या मागे आहे, त्याला विंडोजला पर्याय नाही. त्याने मशीन थोडं चांगलं घ्यावं, मोठा अपडेट बाहेर पडल्यावर महिनाभर थांबावं, पण सुरक्षेचे छोटे अपडेट टाळू नयेत. ज्याच्याजवळ जाणकार माणूस आहे, किंवा जो स्वतःच जाणकार व्हायला तयार आहे, त्याला लिनक्स सगळ्यांत कमी फसवेल. आणि तिघांपैकी काहीही घेतलं तरी खरेदीच्या आधी एक परीक्षा जरूर घ्यावी : आपल्या सगळ्यांत महत्त्वाच्या फाइलची प्रत दुसऱ्याच कुणाच्या, दुसऱ्याच बनावटीच्या मशीनवर उघडून पाहावी. ती उघडली तर तुम्ही कोणतंही मशीन निर्धास्तपणे घेऊ शकता. नाहीच उघडली, तर नव्या मशीनचे पैसे तूर्त बाजूला ठेवा आणि आधी ती फाइल सोडवून घ्या.